त्याले कोनं शिकवलं होतं? : सिनेमाचं प्रशिक्षण, 'सैराट'चा दाखला आणि संशोधनाचा प्रश्न

राजुऱ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कुठल्याही पोरापुढे सिनेमाच्या कोर्सचा विषय काढून बघा. दोन मतं लगेच मिळतील. पहिलं मत असं : "नागराज मंजुळेले कोनं शिकवलं होतं? आर्ची कोन्त्या शाळेत गेली होती?" म्हणजे शिकणंबिकणं सगळं फालतू, अंगात असलं की होतं. दुसरं मत जाहिरातीतून येतं : इतक्या महिन्यांचा कोर्स, पहिल्या दिवसापासून हातात कॅमेरा, शंभर टक्के प्लेसमेंट. म्हणजे फी भरली की करिअर झालं.

दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. पण संशोधनाच्या नजरेनं बघितलं तर दोघांची चूक एकच आहे. ती कोणती, हे आज बघू. या ब्लॉगवर येणाऱ्यांपैकी बरेच जण पेटची तयारी करतायत, आणि मराठी, समाजशास्त्र, जनसंवाद या विषयांतल्या कुणाला ना कुणाला 'चित्रपट व माध्यमांतील प्रशिक्षण' असा विषय घ्यावासा वाटतोच. सिनॉप्सिस लिहिण्याआधी हा लेख वाचा. मी स्वतः वनस्पतिशास्त्रातली आहे, जंगलातल्या नैसर्गिक रोपांवर काम करते. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढून बघण्यापुरता. पण चूक ओळखायला सिनेमावाला असावं लागत नाही, मोजमापाची सवय पुरते.

उभी झाडं मोजण्याची चूक

समजा, मोहाचं बी किती रुजतं हे तुम्हाला शोधायचं आहे. तुम्ही जंगलात गेलात, मोठी उभी झाडं मोजली, प्रत्येक झाडाखालची माती तपासली आणि लिहिलंत की 'मोहाला ही माती मानवते'. गाईड पहिल्याच बैठकीत विचारतील, जी रोपं मेली त्यांच्याखालची माती कुठं तपासली? ती कदाचित अगदी तशीच असेल. उभं झाड फक्त एवढंच सांगतं की ते स्वतः वाचलं. किती जणांमधून वाचलं, ते त्याच्याकडे बघून कळत नाही.

म्हणून आम्ही क्वाड्रॅट टाकतो. जमिनीवर ठराविक मापाची चौकट आखायची, तिच्या आतलं प्रत्येक रोप मोजायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर परत यायचं. किती उरली, किती गेली. गेलेल्यांची नोंद उरलेल्यांइतकीच महत्त्वाची असते. संख्याशास्त्रात या चुकीचं एक प्रसिद्ध उदाहरण दिलं जातं. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञानं दाखवलं की परत आलेल्या विमानांवर जिथं गोळ्यांची भोकं दिसतात तिथं नव्हे, तर जिथं दिसत नाहीत तिथं चिलखत जास्त हवं. कारण त्या जागी गोळी लागलेली विमानं परतच आली नव्हती.

आता 'सैराट'चा दाखला परत वाचा. 'सैराट' २०१६ मध्ये आला. रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत जाणारी मुलगी, कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभी राहिली. तिच्याकडे बोट दाखवून 'प्रशिक्षणाची गरज नाही' म्हणणारा माणूस एक उभं झाड दाखवतोय. जाहिरातीत गळ्यात कॅमेरा अडकवून हसणारा माजी विद्यार्थी दाखवणारी संस्थासुद्धा एक उभं झाडच दाखवते. एकूण किती जणांनी प्रयत्न केला, हा छेद दोघांकडेही नाही. अंश आहे, छेद नाही, आणि तरी टक्केवारी सांगितली जाते.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना पटतं. पुढचं जरा अवघड आहे.

'न शिकलेले' खरंच न शिकलेले होते का?

छेद बाजूला ठेवू. जे अंश म्हणून दाखवले जातात, त्यांच्या रकान्यात 'प्रशिक्षण : नाही' असं लिहिणं तरी बरोबर आहे का?

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. मराठीत एम. ए. केल्यावर त्यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचं शिक्षण घेतलं, आणि 'पिस्तुल्या' हा लघुपट त्या शिक्षणाच्या काळातला आहे. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला कथाबाह्य गटात पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आला २०१३ मध्ये. म्हणजे ज्या माणसाचं नाव घेऊन आपण 'कोनं शिकवलं होतं?' म्हणतो, त्याच्या पहिल्या गाजलेल्या कामामागे एका जिल्ह्याच्या गावातला वर्ग आहे. पुण्या-मुंबईचा नाही, तरी वर्गच. शाळा सोडावी लागलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा लघुपट वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यानं केला, ही गोष्ट आपल्या दंतकथेत कुठंच बसत नाही, म्हणून ती गळून जाते.

आता 'सैराट'कडे. पडद्यावर नवखे चेहरे होते हे खरं. पण कॅमेऱ्यामागे कोण होतं? छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचं, ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. त्यांनीच पुढे 'नाळ' दिग्दर्शित केला, विदर्भातल्या नदीकाठच्या गावात घडणारा, इकडच्या बोलीतला. 'सैराट'मधली ती पहिल्या भागातली विहीर, केळीची बाग, उन्हाचा रंग आठवा. आर्ची कॅमेऱ्यापुढे मोकळी वाटते, त्याचं श्रेय तिचं आहेच. पण नवख्या मुलीला खुणेवर थांब, प्रकाशात ये, इकडे बघू नको असं सतत न सांगता तिला मोकळं राहू देणं हे समोरच्या माणसांच्या हातात असतं. प्रशिक्षण त्या सिनेमात भरपूर आहे, फक्त ते चेहऱ्यावर दिसत नाही. त्यात भर म्हणजे नवख्या नटांकडून शूटिंगआधी तयारी करून घेणं हेही प्रशिक्षणच. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही एवढंच.

दादासाहेब फाळक्यांचंही तसंच. 'ते सगळं स्वतःच शिकले' असं आपण शाळेपासून ऐकतो. फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रण शिकले, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होते, छपाईच्या धंद्यात मुरले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन आले, विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि भांडवल उभं करण्यासाठी आधी एक छोटी फिल्म केली : कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. एक-एक चौकट करत, दिवसेंदिवस. माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला ही गोष्ट फार आवडते, कारण तो जवळजवळ एक प्रयोगच आहे. मग ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला.

परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) तुम्ही बघितला असेल. गोड सिनेमा आहे, माझा आवडता. त्यात फाळके घरच्यांना, शेजाऱ्यांना, भांबावलेल्या नटांना शिकवताना दिसतात आणि ते प्रसंग अस्सल आहेत. पण सिनेमा सुरू होतो तेव्हा छापखान्याची भागीदारी मागे पडलेली असते आणि फाळके जादूचे प्रयोग करत असतात. त्याआधीची पंचवीसेक वर्षं पडद्याबाहेर राहतात. त्यामुळे प्रेक्षक जे घेऊन उठतो ते असं की छंदिष्ट माणसानं जिद्दीवर सिनेमा केला. जिद्द होतीच. पण रसायनं, भिंग, कागद, शाई, चौकट यांचा पाव शतकाचा सराव जिद्दीच्या खात्यात जमा करणं ही हिशोबाची चूक आहे. दिग्दर्शकाला ती माफ आहे, त्याला दोन तासांत गोष्ट सांगायची असते. संशोधकाला माफ नाही.

पद्धतीच्या भाषेत याला वर्गीकरणाची चूक म्हणा. 'प्रशिक्षित' आणि 'अप्रशिक्षित' असे दोन गट केलेत आणि दुसऱ्या गटात पहिल्याच गटातली माणसं बसवलीत, तर दोन्ही गट सारखेच दिसणार. मग तुम्ही निष्कर्ष काढणार की प्रशिक्षणानं फरक पडत नाही. फरक पडत नव्हता असं नाही, तुमचा रकाना चुकीचा भरला होता.

मिठाच्या पाण्यातलं बियाणं

आता जाहिरातवाल्यांकडे येऊ. 'आमच्याकडून बाहेर पडलेली मुलं बघा किती चमकली.'

मूल, सिंदेवाहीकडचे धानाचे शेतकरी पेरणीआधी काय करतात तुम्हाला माहीत आहे. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. तळाशी बसलेला भरीव दाणा धुऊन पेरायचा. आता असं निवडलेलं बियाणं एका बांधीत पेरलं, न निवडलेलं दुसऱ्या बांधीत, आणि पहिलीत पीक चांगलं आल्यावर कुणी म्हणालं 'माझी मातीच भारी', तर तुम्ही हसाल. माती भारी असेलही. पण या प्रयोगातून ते सिद्ध झालं नाही.

नावाजलेल्या संस्थांची गोष्ट अशीच असते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभात कंपनीच्या जागेत सुरू झाली. तिथं अखिल भारतीय प्रवेश परीक्षा, मुलाखती, थोड्या जागा. बाहेर पडणारी माणसं गुणी असतात. त्यातलं किती मिठाच्या पाण्याचं आणि किती मातीचं, हे नुसत्या यशस्वी यादीवरून कळत नाही. ते कळायला प्रवेशाच्या रेषेच्या अगदी जवळचे लोक शोधावे लागतील : जे शेवटच्या जागेवर आत गेले आणि जे एका-दोन गुणांनी बाहेर राहिले. दोघांची कुवत जवळपास सारखी, एकाला शिक्षण मिळालं, दुसऱ्याला नाही. दहा वर्षांनी दोघं कुठं आहेत? अर्थशास्त्रवाले ही पद्धत सर्रास वापरतात. आपल्याकडे सिनेमा-शिक्षणावर ती वापरायला काहीच हरकत नाही.

आणि ज्या खासगी कोर्सला प्रवेश परीक्षाच नसते, फी हीच चाळणी असते, तिथं काय होतं? तिथं मिठाच्या पाण्याऐवजी बापाचं पासबुक असतं. चाळणी तरीही आहेच. मुंबईत दोन वर्षं बिनपगारी थांबू शकणारा मुलगा टिकतो आणि मग तो कोर्सचं यश म्हणून फोटोत येतो. राजुरा-कोरपना पट्ट्यात ज्या घरांची जमीन कोळशाच्या खाणीत किंवा सिमेंटच्या कारखान्यात गेली, त्यांच्याकडे एकदाच मोठा पैसा येतो आणि तो पुन्हा येत नाही. त्या पैशातून फी भरणाऱ्या घरासाठी 'छेद किती?' हा पेटच्या पेपरातला प्रश्न नसतो.

चाळणीचा परिणाम पडद्यावर कसा दिसतो, याचं एक उदाहरण आपल्याच जंगलाजवळचं आहे. अमित मसूरकर यांचा 'न्यूटन' (२०१७) दंडकारण्यातल्या निवडणुकीचा सिनेमा. शूटिंग छत्तीसगडमध्ये दल्ली राजहराच्या बाजूला झालं. जंगल तेच, गोंडी तीच, मतदान केंद्रावरचा बंदोबस्त गडचिरोलीवाल्याला नव्यानं सांगायला नको. माझ्या मते आपल्या भागाच्या परिस्थितीबद्दल हिंदीत इतका नेमका आणि न किंचाळणारा सिनेमा क्वचित झाला आहे. आता मुख्य भूमिका बघा. राजकुमार राव पुण्याच्या इन्स्टिट्यूटचा. पंकज त्रिपाठी, रघुवीर यादव दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. आदिवासी शिक्षिका मलको झालेली अंजली पाटील नाशिकची, आणि तीही राष्ट्रीय नाट्य विद्यालयातलीच. चौघंही उत्तम काम करतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. मलकोच्या तोंडी एक गोष्ट वारंवार येते, की इथं राहणाऱ्याला हे सगळं नवीन नाही. ते वाक्य बोलायला मात्र इथं राहणारी कुणी मिळाली नाही. ती नव्हतीच, की होती पण कुणाच्या यादीत नव्हती? माझ्या दृष्टीनं प्रशिक्षणाचा खरा प्रश्न हा आहे. शिकवण्याइतकंच संस्था आणखी एक काम करते : तुमचं नाव कुणाच्या तरी यादीत घालते. संशोधनात ही दोन कामं वेगळी मोजली पाहिजेत. अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी यादीत नाव जाणार नसेल तर राजुऱ्याच्या मुलीला त्याचा उपयोग अर्धाच.

वडसा : बिनपाटीची शाळा

आता आपल्याकडची एक व्यवस्था बघा, जिला कुणी 'मीडिया ट्रेनिंग' म्हणत नाही. झाडीपट्टी रंगभूमी. राजुरा तसा झाडीपट्टीच्या गाभ्यात नाही, तो गाभा वैनगंगेच्या खोऱ्यात. पण बल्लारशाहवरून गोंदियाकडच्या गाडीत बसा, वडसा स्टेशन लागतं. देसाईगंज. तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं, दाराबाहेर चेहऱ्यांचे मोठे फलक. दिवाळीनंतर धान घरात आलं की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. मंडई, शंकरपट, आणि रात्रभर नाटक.

डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या वेळी त्यांच्या कामाचा आकडा जाहीर झाला : पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. आकडा दिसला की त्याचा भागाकार करा, ही सवय लावून घ्या. एका भूमिकेला सरासरी सहा-सात प्रयोग. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकात गाजलेली एक भूमिका नट शेकडो वेळा करतो. इथं भूमिका झपाट्यानं बदलते. म्हणजे हे शिक्षण एकाच भूमिकेत खोल जाण्याचं कमी आणि दर काही दिवसांनी नवं माणूस उभं करण्याचं जास्त. अर्थात सरासरी फसवी असते, काही भूमिका खूप वेळा आणि काही एकदाच झाल्या असतील. आणि खुणे हेसुद्धा उभं झाडच आहेत, हे विसरू नका. पण भागाकारानं निदान प्रश्न तरी मिळाला : अशा सरावानं नेमकं कुठलं कौशल्य तयार होतं?

सिनेमावाले झाडीपट्टीच्या नटाबद्दल एक शब्द हमखास वापरतात, 'भडक'. आवाज मोठा, हातवारे मोठे, रडणं मोठं. हा शेरा मला समीक्षा म्हणून आळशी वाटतो. उघड्या मैदानात, थंडीत, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला रात्री तीन वाजता जागं ठेवायचं तर भुवई उचलून भागत नाही. तो नट अप्रशिक्षित नाही, तो दुसऱ्या अंतरासाठी प्रशिक्षित आहे. प्रयोगशाळेत आपण म्हणतो, उपकरण चुकीचं नाही, कॅलिब्रेशन वेगळं आहे. धानाची पोती तोलणारा काटा सोन्यासाठी निकामी, आणि सोनाराचा तराजू पोत्याखाली मोडतो. भडक म्हणून बाजूला सारण्याआधी विचारा, हा काटा पुन्हा जुळवायला किती वेळ लागेल? कदाचित तीन वर्षांच्या कोर्सपेक्षा खूप कमी. तपासून बघण्याजोगी गोष्ट आहे.

असं जुळवता येतं याचा एक पुरावा 'न्यूटन'मध्येच आहे. रघुवीर यादव नाट्य विद्यालयात जाण्याआधी सहा वर्षं एका फिरत्या पारसी थिएटर कंपनीत होते. गावोगावी तंबू, गाणं, मोठा आवाज. मग विद्यालय. आणि नंतर कॅमेऱ्यापुढे त्यांचा तो मुरलेला, हलका, जराही भडक नसलेला अभिनय. एका उदाहरणावरून नियम होत नाही. पण 'असं होऊच शकत नाही' हे म्हणणं खोडायला एक उदाहरण पुरतं. हा फरक पेटच्या मुलाखतीत नक्की विचारतात, लक्षात ठेवा.

इतिहास तर याहून मोठा आहे. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करत शिकले. १९२९ मध्ये त्यांनी इतर भागीदारांसह प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. पुढे गुरुदत्तसारखी तरुण मुलं तिथंच कंपनीच्या नोकरीत घडली. प्रभात बंद पडली आणि त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली. पगार देऊन शिकवणारी कंपनी गेली आणि फी घेऊन शिकवणारी संस्था आली, एकाच जागेत. दोन्हींपैकी कुठली चांगली, हे मी इथं ठरवत नाही. कंपनीचं शिक्षण मालकाच्या मर्जीवर, हंगामावर आणि ओळखीवर चालतं, आजारी पडलं की कुणी विचारत नाही, आणि 'हे मला येतं' असं दाखवायला हातात कागद नसतो. त्याचं कौतुक करताना हे झाकायचं नाही.

मग प्रश्न लिहायचा कसा?

'झाडीपट्टी रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक लिहू नका. त्यात प्रश्नच नाही. त्याऐवजी असं काही लिहून बघा : 'ठराविक तीन हंगामांत वडसा येथील कंपन्यांत प्रथमच उतरलेले कलाकार पाच हंगामांनंतर कुठं आहेत आणि कशावर पोट भरतात?'

यात छेद आला, काळ आला, आणि गेलेले लोक मोजायची सक्ती आली. यादी मिळवायला तुमचं क्वाड्रॅट म्हणजे नाटकाचं हँडबिल. त्यावर कलाकारांची नावं असतात, हंगाम असतो, गाव असतं. गावोगावच्या मंडळांकडे, छापखान्यांत, कुणाच्या तरी ट्रंकेत ती पडून आहेत. नाव पहिल्यांदा कधी दिसलं आणि शेवटचं कधी, एवढ्यावरून सुरुवात होते. पण सावध राहा. हँडबिलावर हिरो-हिरोईन ठळक असतात. प्रॉम्प्टर, लाइटवाला, पडदे बांधणारा बहुतेक नसतो. म्हणजे तुमच्या चौकटीच्या आतही काही रोपं दिसत नाहीत. ती मुलाखतींतून शोधा, आणि सापडली नाहीत तर तसं प्रबंधात लिहा. मुलाखत घेताना संमती घ्या. कुणी हे काम का सोडलं हे सांगताना माणूस घरातली गोष्ट सांगत असतो.

दुसरं, 'करिअर' म्हणजे काय ते आधी ठरवा, आकडे हातात आल्यावर नको. राष्ट्रीय पुरस्कार हे यश धरलं तर जगातला प्रत्येक कोर्स नापास. मुंबईत काम मिळणं हे यश धरलं तर आणखी एक गोष्ट निसटते. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आदिलाबाद जिल्ह्यात. तेलुगू इथं घराघरात कळते. बल्लारशाहवरून सिकंदराबाद रेल्वेनं चारशे किलोमीटरच्या आत, मुंबई नऊशेच्या आसपास, आणि हैदराबादजवळ १९९६ पासून रामोजी फिल्म सिटी उभी आहे. इथला मुलगा तिकडे लाइटिंगच्या कामाला गेला तर मराठी सर्वेक्षणात तो 'गळाला' असा नोंदवला जाईल. तो गळालेला नाही, तुमची चौकट त्याच्या बाजूला नव्हती. आणि गडचांदुरात लग्नाचं शूटिंग करणारा, स्वतः एडिटिंग करणारा, ड्रोन उडवणारा, निवडणुकीत प्रचाराच्या क्लिप बनवून देणारा माणूस माध्यम-व्यावसायिक आहे की नाही? मी म्हणते आहे. तुम्ही नाही म्हणा, पण का ते एका परिच्छेदात लिहा.

तिसरं, तुलना. कोर्स केलेले आणि न केलेले एवढे दोन गट पुरत नाहीत, हे वर बघितलं. निदान चार करा : फक्त कोर्स, फक्त कंपनी, दोन्ही, आणि दोन्ही नाही. रघुवीर यादवांसारखे 'दोन्ही'वाले किती आहेत आणि ते वेगळे दिसतात का, हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा तक्ता होईल. तसं दिसलं तर त्यातून धोरणाची गोष्ट निघते : नवी इमारत बांधण्याऐवजी वडशाच्या हंगामानंतरच्या रिकाम्या महिन्यांत कॅमेऱ्यापुढचा अभिनय, आवाज-मुद्रण, संकलन शिकवणारं छोटं शिबिर. शिकणाऱ्याचा हंगाम बुडत नाही, रोजी बुडत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, असं काही करायला ते पुण्यापेक्षा जवळ आहे. पण हे आधी तपासायचं, मग मागायचं.

राजुऱ्यातल्या त्या पोराला आज काय सांगायचं, हेही तुम्ही विचाराल. प्रबंध व्हायला पाच वर्षं लागतील, त्याला फी पुढच्या महिन्यात भरायची आहे. त्याला तीन प्रश्न द्या. कोर्सवाल्याला जाऊन विचार : तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये एकूण किती जण होते? त्यातल्या सगळ्यांची यादी दाखवता का, निवडक फोटो नको? आणि मधेच सोडून गेलेल्या एकाशी बोलायला मिळेल का? उत्तर मिळालं तर त्याच्याकडे छेद आला. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे. आणि 'नागराजले कोनं शिकवलं' म्हणणाऱ्या मित्राला सांगा, नगरच्या एका कॉलेजातल्या मास्तरांनी.

या आठवड्याचा सराव : तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही एका प्रशिक्षणाची, मग ते सिनेमाचं असो, शिवणाचं असो की पोलीस भरतीचं, जाहिरात घ्या. तिच्यातला प्रत्येक दावा वेगळ्या ओळीवर लिहा. समोर दोन रकाने करा : अंश कोणता आणि छेद कोणता. जिथं दुसरा रकाना रिकामा राहील, तिथं तुमचा संशोधनाचा विषय असू शकतो.